आधी गाव सांगा

आमच्या रोपवाटिकेत आलेला माणूस झाडाचं नाव सांगतो आणि किंमत विचारतो. मी त्याला गाव विचारते. पुष्कळांना हे खटकतं. "सोयरीक जुळवायची आहे का?" असं एकदा एका आजोबांनी विचारलं होतं. पण कऱ्हाडच्या वेशीवर बसून रोपं विकायची तर गाव विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पश्चिमेकडून पाटण, कोयनानगरची माणसं येतात. उत्तरेकडून सातारा, मेढा, वाई. पूर्वेकडून विटा, आटपाडी, खटाव, माण. दक्षिणेकडून वाळवा, पलूस, सांगली, मिरज आणि अधूनमधून थेट जत. सगळ्यांना हवा असतो तोच हापूस, तोच पेरू, तोच गुलाब. त्यांच्या गावचं आभाळ मात्र एक नसतं.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पाचगणी १९ किलोमीटर, आणि तेवढ्यात पाऊस निम्म्याहून खाली येतो. वाईत घाट उतरला की आणखी कमी. तसंच पूर्वेला सरकत दहिवडी-म्हसवडला पोचलं तर पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. महाबळेश्वर ते दहिवडी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही. शेतीसाठी महाराष्ट्राचे हवामानानुसार नऊ विभाग पाडलेत. त्यातले घाटमाथा, उपपर्वतीय, मैदानी आणि अवर्षणप्रवण असे चार एकट्या सातारा जिल्ह्यात सापडतात. सांगलीतही शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीचं गच्च रान आहे, आणि पूर्वेला जतच्या माळावर बाभळीची सावलीसुद्धा विरळ पडते. दुकानाच्या पाटीवर मी 'सातारा-सांगलीसाठी योग्य रोपे' असं लिहू शकत नाही, कारण तशी रोपं नाहीतच.

माझं माहेर माणमधलं. तिथं परसात काय असायचं? एक शेवगा, एक कडुलिंब, कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली अळूची चार पानं आणि तुळस. आई भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची, तांदूळ धुतलेलं तुळशीला. स्वच्छ पाणी झाडाला घालताना मी तिला पाहिलं नाही. सासरी आले तर इथं कृष्णा आणि कोयना गावातच एकमेकींना भेटतात, सासऱ्यांची रोपवाटिका कालव्याच्या पाण्यावर, आणि सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी चाललेलं. पहिल्या वर्षी मला त्या पाण्याकडे बघूनच धडधडायचं. सासऱ्यांना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी मला कोयकलम शिकवलं, गुलाबाचा डोळा भरायला शिकवलं, चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर का बांधायचं ते सांगितलं. खिरणी चिवट असते, दुष्काळात मूळ सोडत नाही. वरचं गोड फळ चिकूचं, खालचा जीव रानातला. आण्णा म्हणायचे, गिऱ्हाईक फांदी बघून झाड घेतं, आपण खुंट बघून द्यायचं.

गाव विचारायची सवय त्यांचीच. त्यांचे मात्र दोनच प्रश्न असत: गाव कुठलं आणि विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का. पुढे मी त्यात भर घातली. जमीन काळी का मुरमाड, बाग कुठल्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडावर आहे का, आणि घरात पाणी घालणारं माणूस कोण. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. सून नोकरीला, मुलगा पुण्यात आणि घरात गुडघे दुखणाऱ्या आजी असतील, तर वीस कुंड्यांचा मोगरा देणं हा त्या आजींवर अन्याय आहे.

थंडीचा प्रश्न मात्र मी कुणाला विचारत नव्हते. त्याकडे लक्ष वेधलं ते एका निवृत्त शिक्षिकेनं. त्यांचा मुलगा अमेरिकेत, शिकागोजवळ. तिथल्या फुलांची पाकिटं घेऊन त्या आल्या आणि प्रत्येक पाकिटावर छापलेला आकडा दाखवून म्हणाल्या, "ताई, आपल्या कऱ्हाडचा नंबर कितवा?" त्या आकड्यांचा मी पुढे शोध घेतला. अमेरिकेच्या शेतीखात्यानं १९६० मध्ये पहिल्यांदा असा नकाशा काढला आणि २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. एखाद्या जागी वर्षातली सगळ्यांत थंड रात्र सरासरी किती खाली जाते, त्यावरून १ ते १३ असे पट्टे पाडलेले आहेत. झाडाच्या पाकिटावर पाच छापलं असेल, तर पाचव्या पट्ट्यातल्या थंडीतही ते झाड मरत नाही. ज्या देशात जमीन दगडासारखी गोठते, तिथं बागेचा पहिला प्रश्न हाच असणार. त्या शिक्षिकेच्या मुलाच्या घरी कढीपत्त्याची कुंडी दरवर्षी ऑक्टोबरात आत येते आणि मे महिन्यात बाहेर जाते. परदेशातल्या किती मराठी घरांत हा शिरस्ता असेल!

त्या मोजपट्टीनं आपला मुलूख साधारण अकरा-बाराच्या घरात पडतो. आणि इथंच ती मोजपट्टी आपल्या कामाची राहत नाही. थंडीच्या हिशेबानं महाबळेश्वर आणि जत जवळजवळ शेजारी-शेजारी येतात. ज्या दोन गावांत एकमेकांचं एकही झाड सुखानं वाढणार नाही, ती एका घरात बसतात. आपल्याकडे थंडीनं झाड मरत नाही. ते मरतं पाण्यावाचून, नाहीतर पाण्यात उभं राहून. आपला नकाशा काढायचा तर कोरड्या महिन्यांचा काढावा लागेल. पाऊस परतल्यापासून पुन्हा येईपर्यंत जमिनीत ओल किती महिने टिकते, हा आपला खरा आकडा, आणि तो तालुक्याला नव्हे, बांधाबांधाला बदलतो. नदीकाठच्या काळ्या रानात ओल फेब्रुवारीपर्यंत हाताला लागते, तर मुरमाच्या टेकाडावर दिवाळीतच कुदळ खणखणते.

हे पटल्यावर मला धंद्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत गेला. थंड देशातली झाडं हिवाळ्यात झोपतात आणि त्या झोपेतून उठताना फुलतात. आपल्याकडे ती झोप थंडी देत नाही, तहान देते. आटपाडीचे डाळिंबवाले बागेचं पाणी तोडतात, पानगळ होऊ देतात आणि मग पाणी सोडून बहार धरतात. त्याला ते ताण म्हणतात. ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरतं. हलक्या रानात लवकर बसतो, भारी रानात वेळ लागतो. मृग बहार, हस्त बहार ही नावं पाहिली तरी लक्षात येतं की शेतकऱ्यानं झाडाची झोप पावसाच्या नक्षत्रांशी बांधून घेतली आहे.

तासगाव-मिरजेकडची द्राक्षं तर याहून अवघड काम. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याची. थंडीत पानं झाडून पडून राहायची आणि वसंतात फुटायची, ही तिची रीत. इथं तिला तसा हिवाळाच मिळत नाही. म्हणून आमच्या भागात वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यावर घड येतात. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. थंडीचं काम ते औषध करतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावात थॉमसनमधूनच निवडून काढलेलं तास-ए-गणेश हे वाण किती गावांचं घर चालवून गेलं! पण पाटणचा कुणी दाराशी मांडवावर चढवायला द्राक्षवेल मागतो, तेव्हा मी देत नाही. तिथल्या पावसात पानांवर डाऊनीचा रोग येईल, आणि दाराशी चार घडांसाठी औषधं फवारत बसणं मुलाबाळांच्या घरात बरं नाही. त्याला मी कृष्णकमळ देते, किंवा घोसाळ्याचं बी.

ताणाची गोष्ट घरगुती बागेतही तितकीच खरी आहे. साताऱ्यातल्या एक काकू लिंबाला फळ धरत नाही म्हणून वैतागून आल्या होत्या. झाड हिरवंगार, पाचेक वर्षांचं, कलमी. खत काय घालता, विचारलं तर शेणखत, निंबोळी पेंड, ताक, सगळं व्यवस्थित. पाणी? सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. म्हटलं, काकू, ते लिंबू तुमच्याकडे इतकं सुखात आहे की त्याला फळ धरायची निकडच वाटत नाही. डिसेंबरमध्ये पाणी बंद करा, महिनाभर तरी. पानं मलूल झाली, थोडी गळाली तरी हात आवरा. मग आळं उकरून शेणखत घाला आणि पाणी द्या. त्यांना ते जमेना. झाड डोळ्यांदेखत सुकताना बघवत नाही, म्हणाल्या. माया करणाऱ्या माणसाला ताण देणं फार जड जातं. शेवटी त्या पंधरा दिवस लेकीकडे गेल्या, घराला कुलूप राहिलं आणि पुढच्या उन्हाळ्यात लिंबं लागली. मोगऱ्याचं तेच, बोगनवेलीचं तेच. बोगनवेल रोज भिजवली तर पानांनी भरते, कोरडी ठेवली तर फुलांनी.

घाटमाथ्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे कमी येतात, पण येतात तेव्हा फोनमध्ये चित्रं घेऊन येतात. लॅव्हेंडर, ट्यूलिप, सफरचंद. "आमच्याकडं थंडी असती की ओ ताई," असं भिलारकडचा एक तरुण म्हणाला. थंडी असते, खरं आहे. वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याला कडाक्याच्या दिवसांत दवबिंदू गोठतात, त्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. त्याच पहाटे महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पारा काही अंशांनी वर असतो. थंड हवा जड, ती उताराने खोलगटात उतरून बसते, म्हणून तळ्याकाठी हिम आणि टेकडीवर नुसता गारठा. पण सफरचंदाला एखादी गोठलेली पहाट पुरत नाही. त्याच्या जुन्या वाणांना सात अंशांखालचे आठशे-हजार तास लागतात. कमी थंडीत येणारं एचआरएमएन-९९ सारखं वाण निघालं आहे, हौस म्हणून एखादं लावावं. पण खरा अडसर थंडीचा नाहीच. चार महिने मुळाशी धो धो पाणी आणि नंतर आठ महिने कोरडं, हे त्या झाडाला कसं सोसायचं?

ही अडचण फार जुनी आहे. ब्रिटिशांच्या काळात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी होते, त्यांनी तिथं बटाटे आणि विलायती भाज्या पिकवून दाखवल्या. त्या रुजल्या, कारण त्या थोड्या महिन्यांत उरकतात. पण ब्रिटिशांच्याच काळात लिंगमळ्याला सरकारनं हिवतापाच्या औषधासाठी सिंकोनाची लागवड केली, ती टिकली नाही, सोडून द्यावी लागली. निलगिरीत सिंकोना झाला. निलगिरी महाबळेश्वरपेक्षा उंच आणि गार आहे, हे खरं. पण निलगिरीला जाणारा आणि येणारा असे दोन्ही पाऊस मिळतात, आपल्याकडे एकच, तोही सगळा एकदम.

स्ट्रॉबेरी तिथं टिकली ती या एका पावसाला वळसा घालून. आजची स्ट्रॉबेरी म्हणजे पावसाळा चुकवून बसवलेलं पीक. मातृरोपं परदेशातून येतात, पावसाळ्यात रोपांची वाढ वाईकडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात करतात आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात वर गादीवाफ्यांवर लावतात. दिवस लहान होत जातात, रात्री गारठतात, झाड फुलावर येतं. उन्हाळा तापायच्या आत पीक संपतं. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. लोक त्यात जागेचं कौतुक बघतात, मला तिथल्या शेतकऱ्याचं वेळेचं गणित दिसतं. त्या तरुणाला मी म्हटलं, तुम्ही तर हे रोजच करता, मग बागेतही तेच करा. जी झाडं कायम उभी राहायची ती तिथल्या रानातली घ्या, जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि परदेशी फुलं हिवाळ्यापुरती वाफ्यात लावा. अंजनीचं रोप माझ्याकडे नव्हतं. ते त्याच्या घरामागच्या जंगलातच होतं, त्याचं बी त्यानं स्वतः रुजवलं.

रोपं आणायची कुठून, हाही याच विषयाचा भाग आहे. शोभेची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. गोदावरीकाठचा तो प्रदेश, हवेत कायम दमटपणा, पाणी मुबलक. तिथं वाढलेलं रोप मार्चमध्ये इथं उतरवलं की चार दिवसांत पानं टाकतं. कुणाचा दोष नाही, त्याला ही कोरडी हवा ठाऊकच नसते. म्हणून आलेला माल आम्ही लगेच विकत नाही. आधी दाट सावलीच्या जाळीखाली, मग विरळ सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग दिवसभर उघड्यावर. पाणी हळूहळू कमी करत नेतो. जुनी पानं जातात, नवी येतात. ती लहान, जाड आणि दिसायला थोडी राकट असतात, पण तीच इथली पानं. गिऱ्हाईक मात्र ट्रकमधून नुकत्याच उतरलेल्या लुसलुशीत झाडाकडे बोट दाखवतं. उन्हात ठेवलेलं राकट रोप घ्या म्हणून मी रोज कुणाची तरी समजूत घालत असते. झाड घेताना कोवळी पालवी बघू नये, खालची जुनी पानं बघावीत. त्यांनी इथलं ऊन पाहिलेलं असतं.

आंब्याचं सांगायला हवं, कारण वाद त्यावरच जास्त होतात. देशावरच्या प्रत्येक घराला दारी हापूस हवा. हापूस येतो, वाढतो, मोहरतोही. पण कोकणातल्यासारखा धरत नाही, आणि धरला तरी ती चव येत नाही. जुनागढकडून आलेला केशर आपल्या कोरड्या हवेत जास्त भरवशाचा. हे मी सांगते, आणि तरी दहांतले सात जण हापूसच घेऊन जातात. त्यांच्याशी मी भांडत नाही. आंबा हा नुसता हवामानाचा विषय नाही.

दक्षिणेकडे, वाळवा-पलूस-मिरजेच्या नदीकाठाला, वेगळंच दुखणं आहे. तिथं पाणी आहे, फार आहे. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी पाजून कित्येक शिवारं क्षारपड झाली. एका बंगल्यातली मोसंबी आणि लिंबं कडेनं करपत होती, मालक पाणी कमी पडतंय समजून आणखी पाजत होते. मी गेले ती नेमकी उन्हाळ्याची वेळ, आळ्याच्या कडेला पांढरा थर फुटलेला दिसला. दोन फूट खणलं तर खाली चिखल. लिंबूवर्गीय झाडं मीठ अजिबात सोसत नाहीत. तिथं आधी निचऱ्याची चर काढून घेतली, मग नारळ, आवळा आणि चिकू लावले. जमिनीची जाण म्हणजे काय हे बघायचं तर सांगलीजवळच्या हरिपूरला जावं. तिथल्या मातीत खोल पेवं खणून त्यात हळद वर्षानुवर्षं साठवत. कुठल्या जमिनीत ओल शिरत नाही, हे त्या लोकांना ठाऊक होतं. २००५ च्या महापुरानं ती पेवं बुडवली.

त्यानंतर २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीतल्या नदीकाठच्या वसाहती पाण्यात गेल्या, पाणी दिवसेंदिवस उतरेना. माणसांची, जनावरांची काळजी संपल्यावर कुठं बागांकडे लक्ष गेलं. मी आणि माझा मुलगा टेम्पोत फावडी घालून ओळखीच्या घरी फिरत होतो. झाडं उभी दिसायची, म्हणून लोकांना वाटायचं वाचली. पण बुंध्याशी वीतभर गाळ बसलेला, आणि त्याखाली मुळांना हवाच नाही. पहिलं काम तो गाळ बुंध्यापासून दूर ओढणं, दुसरं काम माती हलकी उकरणं. पाणी नको, खत नको, छाटणी नको, नवी पालवी येईपर्यंत थांबा. पपई सगळीकडे गेल्या, त्या पाण्यात दोन दिवसही तग धरत नाहीत. गुलाब गेले, अडेनियम सडले. नारळ, जांभूळ आणि पुष्कळसे पेरू उभे राहिले. त्या फेऱ्यांत मी बरंच वहीत टिपून ठेवलं, कुठलं झाड किती पाण्यात होतं आणि पुढे काय झालं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा त्या वहीचा उपयोग झाला. आज नदीकाठच्या घरी रोपं देताना मी पूररेषा विचारते. भिंतीवरची खूण दाखवतात लोक. त्या खुणेखाली काय लावायचं आणि वर काय, हे आम्ही उभ्याउभ्या ठरवतो.

आता पूर्वेकडेही पाणी आलं आहे. कऱ्हाडजवळच टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं चढवत खानापूर, आटपाडीपर्यंत नेतात. म्हैसाळची योजना जतकडे जाते. २०१३ च्या दुष्काळात जनावरांच्या छावण्यांत राहिलेली माणसं आज माझ्याकडे केळीची आणि सुपारीची रोपं मागतात, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं. माझ्या माहेरच्या माणसांनी फार सोसलं आहे. पण पाणी कालव्यातून आलं, हवा कुठं बदलली? मे महिन्यात तिथला वारा सुपारीचं पान दुपारपर्यंत भाजून काढतो, मुळाशी कितीही पाणी असो. केळी लावायची तर आधी पश्चिमेला शेवरीची दाट ओळ लावा, असं मी सांगते. आणि कालव्याचं आवर्तन लांबलं तर काय, हेही विचारते. पाण्यावर भरवसा ठेवून एखादा वाफा करावा, सगळी बाग करू नये.

पूर्वेला काय लावावं, याचं उत्तर मला सागरेश्वरात मिळालं. उजाड डोंगरावर लोकांनी उभं केलेलं ते अभयारण्य, त्यामागे धों. म. मोहिते यांचे कितीतरी वर्षांचे कष्ट. मी तिथं मुद्दाम मेमध्ये जाते. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, तेव्हा झाडाची परीक्षा होत नाही. मेमध्ये पान धरून कोण उभं आहे, कोण पान टाकून गप्प आहे, कुणाच्या सावलीत नवं रोप आलंय, हे पाहून घेते. कडुलिंब, बोर, हिवर, बाभूळ. कुठल्याही गावच्या माणसाला मी हेच सांगते. तुमच्या जवळच्या टेकडीवर उन्हाळ्यात जा, आणि जे कुणी पाणी न घालता उभं आहे त्याचं नाव मला येऊन सांगा.

गेल्या उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या एका शाळेच्या गुरुजींचा फोन आला. जुलैमध्ये वृक्षारोपण करायचं, गुलमोहर आणि अशोकाची शंभर रोपं हवीत. मी विचारलं, "गुरुजी, मे महिन्यात शाळेला सुट्टी. तेव्हा पाणी कोण घालणार?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "खरं सांगायचं तर दरवर्षी मेमध्येच जातात सगळी." आम्ही तासभर बोललो. शंभराची वीस झाली. गुलमोहर राहिला एकच, फाटकाशी, कारण मुलांना तो हवाच होता. बाकी कडुलिंब, चिंच, करंज, सीताफळ आणि कुंपणाला बोरं. तिकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, उत्तरा आणि हस्ताचा. त्यामुळे जुलैची लागवड पुढे ढकलली. खड्डे मात्र मेमध्येच खणून तापू द्यायचे, त्यात गावतळ्यातला गाळ भरायचा आणि प्रत्येक रोपाभोवती चपटे दगड रचायचे, म्हणजे ओल टिकते. पोषण आहाराची ताटं धुतल्याचं पाणी चरीनं चिंचेकडे वळवायचं. सुट्टीतलं पाणी वस्तीवरच्या चार घरांनी वाटून घेतलं, घराला पाच झाडं.

वरिष्ठांना शंभर झाडांचा आकडा कळवायचा होता, तो प्रश्न गुरुजींनी कसा सोडवला मला माहीत नाही. रोपं मी त्यांच्यासाठी बाजूला काढली आणि जाळीबाहेर उन्हात मांडली. ऑगस्टभर त्यांचं पाणी कमी करत आणलं. हस्ताचा पहिला पाऊस झाला त्या रात्री त्यांचा फोन आला, "ताई, वीतभर ओल गेलीय. गाडी पाठवू का?" म्हटलं, अजून एक पाऊस होऊ द्या, हातभर गेली की पाठवा.